पंचवीस रुपयांचा दंड



दिवाळी अंकांच्या संपादक परिषदेत विक्रेत्यांना बोलावण्याचा आग्रह माझा होता. कारण 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल आपल्याकडे ज्याला शिक्षा झाली तो मुंबईतल्या एका बुकस्टॉलचा भागीदार होता. कादंबरीकार मुल्कराज आनंद बचावासाठी साक्षीला उभे राहिले, तरी उपयोग झाला नाही. इंग्लंडमध्ये याच पुस्तकाच्या प्रकाशकाला ज्युरीने १९६०मध्येच निर्दोष सोडलं होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४मध्ये, अश्लीलतेचा १८६८ सालचा इंग्रजी निकष मानून, शिक्षा कायम केली. ज्याचं मन सहज बिघडेल अशाच्या हाती मजकूर पडला तर काय, असं तो निकष विचारतो. म्हणजे सर्वांत कच्च्या वाचकाच्या मापाने साऱ्यांचं वाचन बेतायचं. आंबेडकरांसारखा वकील असूनही 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या र. धों. कर्व्यांना १९३४मध्ये दंड झाला, तो याच हवेत.

आता आपल्या घरातलं प्रकरण. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. एक कवी, त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया, विषय एवढाच. तक्रार झाली, खटला उभा राहिला, उच्च न्यायालयाने काकोडकरांना पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. रक्कम भरून मोकळं होणं सोपं होतं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९मध्ये सुटले. तो निकाल आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा. कथा अखंड वाचायची, सुटे उतारे काढून नव्हे, हे त्यात आहेच. पण मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. कथेला उच्च वाङ्मयीन दर्जा नसेल, ती अपरिपक्व असेल, अभिरुचीला खटकत असेल, तरी तेवढ्याने ती अश्लील होत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपण लेखक मंडळी मात्र फक्त 'श्रेष्ठ' साहित्याच्या बाजूने निवेदनं काढतो. काकोडकर लोकप्रिय होते, म्हणून साहित्यसभांमध्ये त्यांचं नाव नाक मुरडूनच निघायचं. (आज इथे बसलेल्या काहींच्या घरी त्यांच्या कादंबऱ्या कपाटाच्या मागच्या रांगेत असणार.)

त्याच वर्षी संसदेने दंड संहितेतलं अश्लीलतेचं कलम २९२ सुधारलं. साहित्य, कला, विज्ञान यांना लोकहिताची सवलत मिळाली आणि पहिल्या गुन्ह्याची कमाल कैद मात्र तीन महिन्यांवरून दोन वर्षांवर गेली. पुढे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो १८६८चा निकष सोडून समकालीन समाजाचा निकष घेतला. भारतीय न्याय संहितेत आता कलमाचा क्रमांक २९४ आहे. भाषा बरीचशी तीच.

राज्याची तऱ्हा पाहा. २००५मध्ये महाराष्ट्राने डान्सबार बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवली. अश्लीलता खोलीच्या भाड्यावर ठरते, हा शोध आपल्या विधिमंडळाचा. ती बंदी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही; २०१६च्या नव्या कायद्यातल्या कितीतरी अटीही २०१९मध्ये गळाल्या. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं किंवा कुणाच्या संमतीविना पसरवलेलं चित्रण, याबद्दल मात्र माझा वाद नाही. तिथे माणसाला इजा होते, आणि कायदा कडकच हवा.

शेवटी एका कवितेकडे येतो. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची गांधींवरची कविता १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका पत्रिकेत छापली गेली. अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१५मध्ये आला, तोवर एकवीस वर्षं गेली होती. पत्रिकेने पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून प्रकाशक आणि मुद्रक सुटले. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. कायद्याच्या दृष्टीने ती माफी उपयोगी पडली, यात शंका नाही. पण कविता निवडली संपादकाने, छापली मुद्रकाने, आणि आरोपीच्या जागी कवी एकटा उरला.

म्हणून माझी विनंती साधी आहे. नोटीस आली की माफीचा मसुदा लिहिण्याआधी लेखकाला फोन करा. वकील एकच करा, खर्च वाटून घ्या. कथा तुम्हाला स्वतःला सुमार वाटत असली, तरी ती तुम्हीच छापली आहे.