रात्री नऊचा वेग

ब्रॉडबँडच्या वेगावरची परिषद बदलापूरच्या बेलवलीत भरते आहे, हे योग्यच झाले. भारताच्या २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर आला, तोही फक्त डाउनलोडचा. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये आपला दंडक १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोड असा केला. ही तुलना ऐकली की आपल्याला ओशाळल्यासारखे होते आणि सगळी चर्चा आकडा वाढवण्यापाशी अडते. आकडा वाढायलाच हवा. पण तो कोणत्या वेळी, कुठून कुठवर आणि कोणाच्या घरी मोजला, हे ठरल्याशिवाय वाढलेला आकडाही पोकळच राहील, असे माझे म्हणणे आहे.

वेळेचा मुद्दा बदलापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. इथली निम्मीशिम्मी कर्ती माणसे सकाळी लोकलने ठाण्या-मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. जेवणे आटोपली की एकाच इमारतीत क्रिकेटचा सामना, मालिका, मुलांचा अभ्यास आणि एखाद्याची परदेशी कार्यालयाशी बैठक, सारे एकदम सुरू होते. दुपारी तीनला मोजलेला वेग या लोकांच्या काय कामाचा? चोवीस तासांची सरासरी काढली तर बदलापूर लोकलमध्येही बसायला जागा मिळते. ती सरासरी खिशात घालून सकाळच्या गाडीत चढून पाहावे! यामागचे गणित साधे आहे. एकच क्षमता अनेक ग्राहकांत वाटली जाते, आणि आपल्या दूरसंचार नियामकाने, ट्रायने, २००९ मध्ये घरगुती जोडणीसाठी हे प्रमाण १:५० पर्यंत मान्य केले होते. म्हणजे १०० एमबीपीएसची योजना घेतलेली पन्नास घरे एकाच क्षणी पूर्ण जोराने वापर करू लागली, तर वाट्याला २ एमबीपीएस येतात. तेवढ्यावरही आजच्या व्याख्येप्रमाणे ती सेवा ‘ब्रॉडबँड’च ठरते. पन्नासही घरे एकदम कधी येत नाहीत, हे खरे. पण रात्री नऊला किती येतात, हेच तर मोजायला हवे.

दुसरा प्रश्न अंतराचा. ट्रायच्या २००६ च्या नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग मिळावा अशी अट होती, पण ती सेवादात्याच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतची. त्यापुढचे दुवे गर्दीच्या वेळीही ८० टक्क्यांच्या आत वापरले जावेत, ही अट वेगळी होती. दोन्ही अटी कागदावर पाळल्या जाऊनही ग्राहकाला दूरच्या सर्व्हरशी अडखळत बोलावे लागू शकते. २०२४ मध्ये नियमावली नव्याने आली, तरी ग्राहकाच्या घरापासून बाहेरच्या जाळ्यापर्यंतचा सलग वेग हीच कसोटी असायला हवी, असे मला वाटते.

सेवादाते म्हणतात, दोष घरातल्या वाय-फायचा असतो. बरेचदा असतोही. काँक्रीटच्या तीन भिंतींआड बसून मोबाइलवर काढलेला आकडा तारेचा नसतो. शिवाय २०१६ पासूनच्या मायस्पीडसारख्या ॲपवर माणूस बहुधा वैतागल्यावरच बोट ठेवतो, त्यामुळे नमुनाही एकांगी होतो. म्हणून मोजणी राउटरला तारेने जोडलेल्या छोट्या यंत्राने, स्वेच्छेने तयार झालेल्या घरांत, दर रात्री व्हावी. ही घरे स्टेशनलगतच्या संकुलांतली तशी गावठाणाच्या टोकाचीही असावीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वेग वाढवण्याचा खर्च पडला तर स्थानिक केबलवाला टिकायचा नाही. पावसात तुटलेली तार जोडायला शिडी घेऊन तोच येतो, त्याला बुडवून आपला फायदा नाही. पण मी त्याच्याकडे वेग नव्हे, खरा आकडा मागतो आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीतला वेग रात्री आठ ते दहा या वेळेत किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा असावा लागतो. मला निम्मेही अपुरे वाटतात. दहापैकी आठ घरांना मिळेल तोच वेग योजनेच्या नावात असावा. शंभरऐवजी पस्तीस भरला, तर पस्तीस छापावा आणि पस्तीसचेच पैसे घ्यावेत.