गटारीच्या आधी लिव्हरची गोळी? दारू, यकृत आणि जडीबुटी

लोकलमध्ये लटकून ऐकत असाल, जिममध्ये असाल किंवा रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लेखी उतारा.

आषाढ संपत आला की आपल्याकडे गटारीचे मीम सुरू होतात. त्याबरोबर एक प्रश्नही फिरायला लागतो: "प्यायच्या आधी लिव्हरची गोळी घेतली तर चालतं ना?" कुणी भुईआवळीचा रस सांगतं, कुणी कुटकीचं चूर्ण, कुणी रील दाखवतं की हा काढा घ्या आणि बिनधास्त बसा. आज याचाच हिशेब करू. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. अभ्यास काय सांगतात ते साध्या भाषेत मांडते, एवढंच.

आधी लिव्हरचं गणित

तीस मिलीच्या एका पेगमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्की-रमच्या, साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका क्वार्टरमध्ये, १८० मिलीत, साधारण ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. एक मोठी स्ट्राँग बिअर म्हणजे चार पेग.

लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. म्हणजे एका क्वार्टरला सहा ते आठ-नऊ तास. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, काढा, कशानेही हा वेग वाढत नाही. आणि निपटताना काय होतं? अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड बनतं, ते दारूपेक्षाही विषारी. मग त्याचं अॅसिटेट होतं, जे शरीर वापरून टाकतं. हा मधला विषारी टप्पा रोज रोज घडत राहिला, की लिव्हरमध्ये आधी चरबी साठते, मग सूज येते, मग जखमा भरून व्रण पडत जातात. शेवटी लिव्हर कडक होतं, त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना चरबीचा टप्पा येतो, आणि साधारण १० ते २० टक्के लोक सिऱ्होसिसपर्यंत पोचतात.

यातली वाईट गोष्ट अशी की लिव्हर दुखत नाही. खूप उशिरापर्यंत ते गप्प असतं. म्हणूनच "मला काही होत नाही, मी गोळी घेतो ना" हे वाक्य इतकी वर्षं खपतं.

आता जडीबुटीकडे

भुईआवळीपासून सुरुवात करू. पावसाळ्यात अंगणात, कुंडीत आपोआप उगवते, पानांच्या खाली बारीक दाण्यांची रांग असते. काविळीवर तिचा रस देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की हिपॅटायटिस बी असलेल्या बऱ्याच लोकांच्या रक्तातून ही वनस्पती घेतल्यावर विषाणूची खूण गेली. जगभर खळबळ झाली. पण नंतर इतर ठिकाणी प्रयोग झाले, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. आणि एक लक्षात घ्या, तो विषय विषाणूचा होता. दारूचा नव्हता.

मग "आमच्या गावात कितीतरी लोक बरे झाले" याचं काय? झाले असतील. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, बहुतेक तरुणांमध्ये काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्या काळात जो रस दिला, त्याला श्रेय मिळतं. दारूची कावीळ मात्र तशी नसते. ती गंभीर असेल तर महिन्याभरात जीव जाऊ शकतो. दोन्हीत डोळे पिवळेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. "आधी गावच्या औषधाने बघू" म्हणत घालवलेले पंधरा दिवस तिथे फार महाग पडतात.

कुटकी. हिमालयातली, भयंकर कडू. आरोग्यवर्धिनीत निम्म्याच्या आसपास कुटकीच असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यापासून पिक्रोलिव्ह नावाचा अर्क वेगळा काढला, त्यावर बरंच काम झालं. पण या प्रकारचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे असतात. त्यात काय करतात? उंदराला आधी अर्क देतात, मग एखादं विष, आणि लिव्हर किती वाचलं ते बघतात. हे उपयोगी काम आहे, नाही असं नाही. पण दहा वर्षं दर शनिवार-रविवार पिणाऱ्या माणसाबद्दल त्यातून फार काही कळत नाही.

सिलिमरिन, म्हणजे मिल्क थिसल. ही युरोपातली काटेरी वनस्पती. आता आपल्याकडे अर्ध्या "लिव्हर डिटॉक्स" गोळ्यांत हेच असतं. विषारी अळंबी खाल्ल्यावर युरोपातल्या रुग्णालयांत हिच्यातला घटक इंजेक्शनने देतात, म्हणजे वनस्पतीत दम नाही असं कुणी म्हणत नाही. पण दारूचं काय? १९९८ साली स्पेनमध्ये दारूमुळे सिऱ्होसिस झालेल्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. औषध घेणारे आणि खोटी गोळी घेणारे, दोघांच्या जगण्यात फरक पडला नाही. पुढे अशा १३ चाचण्या, एकूण ९१५ रुग्ण, एकत्र तपासल्या गेल्या. ज्या चाचण्या नीट केल्या होत्या, त्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

आणि आपल्या घराघरातली लिव्ह ५२? १९५५ पासून बाजारात आहे. श्रीलंकेत दारूमुळे लिव्हर बिघडलेल्या ८० रुग्णांवर तिची चाचणी झाली, २००३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी, सहा महिने. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही.

थोडक्यात सांगायचं तर पिणं चालू असताना लिव्हरला कवच घालेल असं एकही झाड आजपर्यंत माणसांवर सिद्ध झालेलं नाही.

"नैसर्गिक आहे, तोटा तर नाही ना?"

आहे, मंडळी. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाली, आणि सगळे गुळवेल घेत होते. कोरोनाचा काळ, प्रतिकारशक्तीसाठी घराघरात काढा. डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पती नीट ओळखली नसेल, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून असेच ४३ रुग्ण नोंदले गेले. वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामाची गोष्ट उरतेच: पुडीत नेमकं काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसरी गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. आसव आणि अरिष्ट ही आंबवून केलेली औषधं. कुमारी आसव पोटाच्या, यकृताच्या तक्रारींवर देतात, आणि त्यात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. हे काही लपवलेलं नाही, बाटलीवर लिहिलेलं असतं. पण घरात कुणी दारू सोडली असेल आणि डायसल्फिरामची गोळी चालू असेल, तर हे आसव त्रास देऊ शकतं: चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही सगळी औषधं सांगा. लपवू नका.

गंमत म्हणजे आयुर्वेदाने दारूचा विषय टाळलेला नाही. चरकसंहितेत मदात्यय, म्हणजे मद्याने होणारे विकार, यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यामुळे "आयुर्वेद विरुद्ध डॉक्टर" असं भांडण लावायची गरज नाही. चांगला वैद्यही तुम्हाला पहिलं हेच सांगेल: आधी बाटली खाली ठेव.

मग काम कशाने होतं?

थांबण्याने. साठलेली चरबी पिणं थांबवल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरायला लागते, बऱ्याच जणांची जवळजवळ पूर्ण जाते. आता कॅलेंडर बघा. श्रावण सुरू झाल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत किती दिवस होतात? सहा आठवड्यांच्या वर. आपल्या आजी-आजोबांनी लिव्हरसाठी श्रावण पाळला नव्हता, पण लिव्हरला तो मानवतो. अडचण एकच: गटारीला पुढच्या दीड महिन्याचा कोटा एका रात्रीत भरून काढायचा, आणि विसर्जनानंतर पुन्हा तेच.

पण थांबा, इथे एक गंभीर सूचना. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेतो, त्याने अचानक बंद करायचं नाही. दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. "श्रावण लागला, आजपासून बंद" असं त्याला घरच्यांनीही कोंडून ठेवू नये. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची असते, त्यासाठी औषधं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

नियमित पीत असाल तर लिव्हरची रक्त तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे सगळं ठीक असं नाही, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. आणि लिव्हरच्या रुग्णाला फक्त उसाचा रस आणि साखरपाणी देऊ नका. डाळ, अंडी, दूध, प्रोटीन त्याला लागतंच. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पायावर सूज, काळी शी, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही दिसलं तर काढा नाही, रील नाही, थेट रुग्णालय.

आज इतकंच. ग्रुपमध्ये जो मित्र चकण्याबरोबर लिव्हरची गोळीही वाटतो, त्याला हा भाग पाठवा. टोमणा मारू नका, नुसता पाठवा. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने येऊ द्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!