पीसीबीचे सॉफ्टवेअर : फुकट, विकत आणि मुक्त



या व्यासपीठावरून साहित्य-इतिहासाची चर्चा ऐकणाऱ्या आपणांपुढे मी आज पीसीबीचा रुक्ष विषय घेऊन उभा आहे. टीव्हीचे झाकण उघडले की आत जी हिरवी पाटी दिसते, ती पीसीबी. तिच्यावरील तांब्याच्या रेघा सुट्या भागांना एकमेकांशी जोडतात. या रेघांचा आराखडा संगणकावर काढतात. त्यासाठीचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे की फुकटचे वापरावे, असे नवे धंदेवाले तरुण मला विचारतात.

उत्तराआधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा कारखान्यात पंपाच्या नियंत्रकासाठी एक बोर्ड तयार केला. ज्या सॉफ्टवेअरवर तो काढला, त्याची वर्गणी पुढे आम्ही भरली नाही. मग त्यातला एक सुटा भाग बाजारातून नाहीसा झाला आणि बदली भागाचे पाय निराळ्या जागी निघाले. काम चार रेघा हलवण्याचे. पण मूळ आराखडाच उघडेना! गर्बर फायली तेवढ्या हाती होत्या. पण गर्बर म्हणजे छापखान्यातला ठसा. त्यावरून हव्या तितक्या प्रती निघतील, मजकूर सुधारणे मात्र कठीण. आराखडा आमचा, कुलूप दुसऱ्याचे. अखेर बोर्ड पहिल्यापासून काढावा लागला.

तेव्हा कळले की प्रश्न केवळ किमतीचा नाही. फुकट आणि मुक्त हे दोन शब्द वेगळे आहेत. ईगल या जर्मनीत 1988 साली निघालेल्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. त्याची मर्यादित आवृत्ती फुकट मिळे आणि हौशी मंडळी तीवरच शिकली. पण त्या आवृत्तीत बोर्ड 80 चौरस सेंटिमीटरांहून मोठा करता येत नसे आणि तांब्याचे थर दोनच. 2016 साली ऑटोडेस्क कंपनीने ईगल घेतले, 2017 साली वर्गणीची पद्धत आणली आणि 2023 साली जाहीर केले की 7 जून 2026 पासून ते बंद. यात लबाडी कोणाची नाही. मालकाने आपला माल बंद केला, इतकेच. पण त्यावर विसंबलेल्याने काय करावे?

याउलट कीकॅड पाहा. ग्रनोबल येथील प्राध्यापक झाँ-पिएर शारा यांनी 1992 साली ते सुरू केले. पुढे जिनिव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेने हातभार लावला. नवी रेघ ओढताना जुन्या रेघा आपोआप बाजूला सारण्याची सोय तिच्या अभियंत्यांनी घातली. कीकॅडला पैसे पडत नाहीत, हा त्याचा दुय्यम गुण. मुख्य गुण असा की त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, आणि आराखडा साध्या वाचनीय मजकुराच्या रूपात साठतो. उद्या कर्त्यांनी हात आखडला, तरी आपली जुनी प्रत चालू राहते. ईगलच्या सहाव्या आवृत्तीपासूनचे आराखडेही त्यात उघडता येतात.

मग विकतचे घेऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक अल्टियमच्याच फायली मागत असेल, दहा अभियंते एकाच बोर्डावर राबत असतील, अतिवेगवान संकेतांची बारीक पारख करायची असेल, किंवा अडल्यावेळी मदतीला बांधलेला माणूस हवा असेल, तर पैसे अवश्य मोजावेत. आणि फुकटच्यालाही खर्च असतोच. शिकण्यात वेळ जातो, भागांची चित्रे स्वतः तपासावी लागतात. एका चुकीच्या चित्रापायी शंभर बोर्ड भंगारात जातात.

म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला एवढाच : आधी एक लहान बोर्ड दोन्हींवर काढून पाहा. वर्गणी थांबली तर आराखडा उघडेल काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. आणि कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, पण प्रत्येक बोर्डाच्या गर्बर फायली, सुट्या भागांची यादी आणि सर्किटचे छापील चित्र स्वतःच्या कपाटात ठेवा. घर भाड्याचे असो की स्वतःचे, दागिने आपल्यापाशीच असावेत.