आरोग्ययोजना : हप्ता, हक्क आणि निर्णय
(भाषणाचा मजकूर)



आजारपण सांगून येत नाही, हे सर्वमान्य आहे. परंतु आजारपणाचा खर्च कोणी आणि किती सोसावयाचा, याचा निर्णय बहुतेक वेळा आजार येण्यापूर्वीच झालेला असतो. विम्याच्या अर्जावर ज्या दिवशी सही होते, त्याच दिवशी तो होतो. कुटुंबाला त्याची जाणीव मात्र रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी होते. कापडाचा ताका घेताना व्यापारी पन्हा पाहतो, वीण पाहतो, रंग पक्का की कच्चा हे पारखतो. तोच व्यापारी आरोग्यविमा घेताना केवळ हप्त्याचा आकडा पाहतो, ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून आरोग्ययोजना निर्णय कसे घेतात, हा विषय प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा आहे.

सेवाग्रामची ज्वारी

या विषयाचा उत्तम धडा पिपरी मेघेपासून हाकेच्या अंतरावर घडला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी संलग्न असे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. या संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात परिसरातील खेड्यांसाठी एक आरोग्ययोजना रुजविली. तिचा हप्ता रुपयांत नव्हता, ज्वारीत होता. पीक घरात आले की गावात सभा भरे आणि वर्गणी गोळा होई. भूमिहीन मजुराने ठरलेले माप द्यावे आणि जमीनधारकाने जमिनीच्या प्रमाणात अधिक द्यावे, असा दंडक होता. देणे ऐपतीप्रमाणे आणि घेणे गरजेप्रमाणे, हे तत्त्व त्यात होते. पुढे पीकपद्धती बदलली, ज्वारीचे क्षेत्र घटले आणि वर्गणी रोख रकमेत आली. तत्त्व मात्र तेच राहिले.

योजनेचे दोन नियम विशेष मननीय आहेत. पहिला असा की, गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सामील झाल्याशिवाय गाव योजनेत घेतले जात नसे. वरकरणी हा नियम कठोर वाटतो. परंतु ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे तेवढीच कुटुंबे आली, तर निधी वर्षभरही टिकणार नाही. निरोगी माणसाची वर्गणी आजारी माणसाच्या कामी येते, हाच विम्याचा गाभा आहे. दुसरा नियम उपचारांविषयीचा होता. अकस्मात आलेल्या आजारासाठी रुग्णालयातील उपचार सभासदाला विनामूल्य. मात्र मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आधीपासून ठाऊक असलेल्या आणि पुढे ढकलता येण्याजोग्या गोष्टींसाठी केवळ अंशतः सवलत. संकटाचा भार सर्वांनी वाहावा, नियोजित खर्चाची तरतूद ज्याने त्याने करावी, असा हा विवेक होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. गोळा झालेल्या ज्वारीतून रुग्णालयाचा सारा खर्च भागत नव्हता. तिचा उपयोग मुख्यतः गावपातळीवरील सेवेसाठी होई. रुग्णालयातील सवलतीमागे शासकीय अनुदानाचा आधार होता. तथापि योजनेचे महत्त्व रकमेत नसून पद्धतीत आहे. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे प्रत्येक घराला आजार येण्यापूर्वी भर सभेत कळत असे.

तोच नियम, बारीक अक्षरांत

भारतात सर्वसामान्यांसाठी ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी १९८६ साली सुरू झाली. पुढे खासगी कंपन्या आल्या आणि आज बाजारात अगणित योजना आहेत. त्यांच्या अटी पाहिल्या, तर सेवाग्रामच्या सभेतील नियमच वेगळ्या वेषात दिसतात. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब आदी आजारांनाही तो असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली. याही अटींचा हेतू निधी राखणे हाच आहे. फरक इतकाच की, सेवाग्रामला त्या मोठ्याने सांगितल्या जात; पॉलिसीत त्या बारीक अक्षरांत असतात आणि एजंटाच्या बोलण्यात क्वचितच येतात.

सर्वाधिक मनस्ताप देणारी अट खोलीभाड्याची. एक काल्पनिक हिशेब पाहावा. एका गृहस्थाची पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. त्याने ६,००० रुपयांची खोली घेतली आणि ४ दिवस राहिला. एकूण बिल १,५०,००० रुपये झाले. त्यात खोलीभाडे २४,०००. शस्त्रक्रिया, शल्यगृह, शुश्रूषा आदींचे ८६,०००. आणि औषधे व साहित्याचे ४०,००० रुपये. गृहस्थाचा समज असा की, भाड्यातील फरकाचे १२,००० रुपये भरले की झाले. परंतु खोली दुप्पट भाड्याची असल्याने शस्त्रक्रियादी खर्चही निम्माच मान्य होतो. यास प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधे आणि शरीरात बसविलेले साहित्य यांना ती लागू होत नाही. तेव्हा कंपनी १२,००० अधिक ४३,००० अधिक ४०,००० असे ९५,००० रुपये देते आणि ५५,००० रुपये घरातून जातात. येथे कोणी फसवणूक केलेली नाही. कराराची अट लागू झाली आहे. मात्र ती भरतीच्या वेळी ठाऊक असती, तर साध्या खोलीत हेच उपचार झाले असते.

आजार लपविण्याचे असेच आहे. हप्ता वाढू नये म्हणून अर्जात मधुमेहाचा उल्लेख टाळला जातो आणि ऐन संकटात दावा नाकारला जातो. सलग ५ वर्षे पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली लबाडी वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असे २०२४ पासूनचे नियम सांगतात. परंतु त्या भरवशावर असत्य लिहिणे हे व्यवहारालाही धरून नाही आणि नीतीलाही.

पूर्वपरवानगी कशासाठी?

कॅशलेस उपचारांसाठी रुग्णालयाला विमा कंपनीची किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या त्रयस्थ प्रशासकाची, म्हणजे टीपीएची, पूर्वपरवानगी घ्यावी लागते. रुग्णाच्या नातेवाइकांना हा विलंब जाचक वाटतो आणि तो अनेकदा जाचक असतोही. तरी अशा तपासणीची गरज आहेच. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. २०१२च्या सुमारास छत्तीसगड आणि बिहारमध्ये असे उघड झाले की, काही खासगी रुग्णालयांनी या योजनेच्या पैशासाठी गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढली. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. पैसा सहज मिळाला, तपासणी सैल राहिली आणि त्याची किंमत देहाने चुकवावी लागली ती अशिक्षित, निर्धन भगिनींना.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. तपासणी करणाऱ्याचा लाभ नकारात असेल, तर योग्य उपचारही अडतात. अमेरिकेत या दोन्ही टोकांचा अनुभव दीर्घकाळ घेतला गेला. तेथे १९७३च्या कायद्याने उपचारांचे नियोजन करणाऱ्या आरोग्ययोजनांना उत्तेजन मिळाले. खर्चाला लगाम बसला, पण नकाराच्या तक्रारीही वाढल्या. तेव्हा योजनांच्या गुणवत्तेचे मोजमाप सुरू झाले. १९९० साली स्थापन झालेली एनसीक्यूए ही संस्था योजनेच्या सभासदांपैकी किती मधुमेहींची साखर आटोक्यात आहे, किती बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, अशा कसोट्या लावते. २०१०च्या कायद्याने तर जमा हप्त्यांपैकी किमान ८० ते ८५ टक्के रक्कम उपचार व गुणवत्ता यांवर खर्च करण्याचे आणि तसे न झाल्यास फरक ग्राहकांना परत करण्याचे बंधन घातले. तेथील सारे आलबेल आहे असे नाही. परंतु योजना किती स्वस्त, याबरोबरच ती माणसाला किती निरोगी ठेवते, हा प्रश्न विचारला पाहिजे, हा बोध घेण्यासारखा आहे.

आपल्या देशातही काही पावले पडली आहेत. २०२४च्या परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर १ तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय देण्याचे बंधन कंपन्यांवर आले. दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या आढावा समितीची संमती आवश्यक ठरली आणि नकाराचे कारण पॉलिसीतील नेमक्या अटीचा निर्देश करून देणे बंधनकारक झाले.

शासनाची योजना

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. ९७२ उपचार आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण, असे तिचे स्वरूप होते. २०१३ मध्ये ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २०२४ पासून केशरी-पिवळ्या शिधापत्रिकांची मर्यादा उठून ती सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण ५ लाखांचे झाले. शिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, ५ लाखांचे संरक्षण आहे. त्यासाठी स्वतंत्र कार्ड काढावे लागते. समाजातील अनेक सुखवस्तू ज्येष्ठांना आणि दुकानांतील नोकरवर्गाला आपण यास पात्र आहोत हेच ठाऊक नसते.

या योजनेतही निर्णय असतातच. उपचारांची यादी ठरलेली आहे, प्रत्येकाचा दर ठरलेला आहे, रुग्णालय योजनेत नोंदलेले असावे लागते आणि बहुतेक उपचारांस पूर्वमंजुरी लागते. रुग्णालयातील आरोग्यमित्राची भेट भरतीच्या वेळीच घ्यावी. बिल झाल्यानंतर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

नकार हा अखेरचा शब्द नव्हे

दावा नाकारला गेला की पुष्कळ कुटुंबे नशिबाला बोल लावून गप्प बसतात. तसे करू नये. प्रथम नकाराचे कारण लेखी मागावे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. मात्र या सर्व ठिकाणी शब्दाला नव्हे, कागदाला मोल असते. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, मूळ बिले आणि पत्रव्यवहार यांची एक धारिका प्रत्येक घरात असावी. रोजमेळ लिहिणाऱ्या समाजाला हे सांगणे न लगे.

सारांश, निधी मर्यादित असतो म्हणून प्रत्येक योजनेला कोठेतरी रेघ ओढावी लागते. रेघ ओढली यात अन्याय नाही. ती कोणी ओढली, कशासाठी ओढली आणि ज्याच्यावर ती ओढली गेली त्याला आधी कळली का, यावर न्याय-अन्याय ठरतो. सेवाग्रामच्या शेतकऱ्याला ती कळत होती. सुशिक्षित व्यापारी कुटुंबाला ती कळू नये, हे शोभणारे नाही.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. दरवर्षी हप्ता भरण्यापूर्वी एका रविवारी दहा-बारा कुटुंबांनी आपापल्या पॉलिसी घेऊन एकत्र बसावे. वाणिज्य शाखेतील तरुणांनी खोलीभाडे, प्रतीक्षाकाळ, वगळलेले आजार आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस चालते, या चार गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात. ७० वर्षांवरील ज्येष्ठांची आणि दुकानातील कर्मचाऱ्यांची कार्डे त्याच बैठकीत काढून द्यावीत. जे गावाने ज्वारीच्या हंगामात केले, ते समाजाने वर्षातून एकदा करावे, एवढेच नम्र आवाहन.