जास्वंदीवरचा पांढरा कापूस



ठाणे असो, कल्याण असो की डोंबिवली,
गॅलरीतल्या कुंडीत जास्वंद असतेच.
गणपतीला तिचंच फूल हवं!

पण कोवळ्या शेंड्यावर कापसासारखं काही दिसतंय?
तो पिठ्या ढेकूण.
तो झाडाचा रस शोषतो.
पानं आकसतात… कळ्या गळतात.

फांदीवर मुंग्याही दिसतील.
ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात.
म्हणून मुंग्याही हटवा.

विषारी औषधाची घाई नको.
आधी पाण्याचा जोरदार फवारा.
फार किडलेला शेंडा कापून पिशवीत बांधा.

मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल,
थोडा पातळ साबण.
संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही.
आठवड्याने पुन्हा.

लक्षात ठेवा…
आधी पाणी, मग कडुनिंब.

ढालकिडा दिसला, तर त्याला मारू नका.
तो हीच कीड खातो.

उद्या पाणी घालताना एक पान उलटून बघा.