वजनाच्या ऑपरेशनबद्दल उघड बोलूया

(जळोची, बारामती इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीला जळोचीत येतो. तरीही आज वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलायला उभा आहे. कारण माझ्या बाजीची ही शस्त्रक्रिया झाली आणि आम्ही ती सगळ्यांपासून लपवली.

शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना सांगितलं की पित्ताशयातले खडे काढले. पुढच्या रमजानमध्ये बाजी मामूंकडे गेली. ‘केवढी बारीक झालीस, आता तब्येत छान आहे, रोजे ठेव,’ असं सगळे म्हणाले. तिनंही नाही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी असरच्या सुमारास ती चक्कर येऊन पडली. अंगातलं पाणी कमी झालं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कोणतं ऑपरेशन झालंय? मुमानी म्हणाल्या, पित्ताशयाचं. आमचंच खोटं डॉक्टरांपर्यंत पोचलं होतं. बाजी शुद्धीवर आल्यावर तिनं स्वतःच खरं सांगितलं, म्हणून पुढचे उपचार नीट झाले.

आम्ही का लपवलं? जाड माणसाला आपल्याकडे एक तर ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात, नाही तर आळशी. ऑपरेशन केलं तर म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं.’ पण लठ्ठपणात आनुवंशिकता, हार्मोन्स, झोप, औषधं असं बरंच काही असतं. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि नंतर त्याबद्दल जाहीरपणे बोललेही. दिल्लीतल्या नेत्याला जमतं, ते आपल्या गल्लीत का जमू नये?

दुसरा गैरसमज २०१७ मधला. मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानानं आणलं, तेव्हा त्यांचं वजन ५०० किलो असल्याच्या बातम्या आपण पाहिल्या. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे त्यांना अबू धाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. तेव्हापासून अनेकांना वाटतं की हे ऑपरेशन अशाच टोकाच्या माणसांचं असतं आणि ते जीवघेणं असतं. इमान यांची केस अत्यंत दुर्मिळ आणि गुंतागुंतीची होती. आपल्या घरातली केस तशी नसते.

मग हे कुणासाठी असतं? किलोमधलं वजन घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. येतो तो बीएमआय. बाजीची उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, बीएमआय ३९. सोबत मधुमेह. आपण आशियाई लोक कमी वजनातही मधुमेहाला बळी पडतो. म्हणून २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी सांगितलं की आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय देता येतो. याचा अर्थ २७.५ झाला की लगेच टेबलावर जायचं असा नाही. आहार, व्यायाम आणि औषधांचे प्रयत्न आधी व्हायला हवेत.

आता प्रकार. बाजीची झाली ती स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात. केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. पण छातीतली जळजळ वाढू शकते. आधीच ॲसिडिटीचा मोठा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरा प्रकार बायपास. जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो. वजन आणि साखर दोन्हींवर याचा परिणाम सहसा जास्त होतो. पण लोह, बी-१२ आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं. गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खायचं नाही, कारण जोडावर अल्सर होतो. धूम्रपानाचंही तेच.

जठराभोवती पट्टा बसवायची पद्धत आता फार वापरत नाहीत. फुगा दुर्बिणीतून किंवा गिळून घालतात. ती शस्त्रक्रिया नव्हे, तो काही महिन्यांनी काढावा लागतो किंवा आपोआप निघून जातो, आणि वजन परत येण्याची शक्यता मोठी असते.

मधुमेह ‘बरा’ होतो का? अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं १५० मधुमेही रुग्णांवर चाचणी केली. पाच वर्षांनी तीन महिन्यांची साखर ६ किंवा त्याखाली आलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के, फक्त औषधांवर ५ टक्के. फायदा खरा आहे, पण हमी नाही.

खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. आधी काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं: अंडी, मासे, चिकन, डाळ, पनीर. पाणी घोट-घोट करत दिवसभर, जेवणासोबत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर आणि ठरावीक काळानं रक्ततपासणी. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने मूल होऊ देऊ नये, हे नवविवाहितांनी आणि त्यांच्या सासरच्यांनीही ऐकावं. सुरुवातीला टाके गळण्याचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, पुढे पित्ताचे खडे, केस गळणं, सैल कातडी.

यातली एकही गोष्ट एकट्या माणसाला लपून करता येत नाही. दावतीत बिर्याणीचं ताट पुढे सारणाऱ्याला माहीत हवं. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे हे लहान मुलालाही ठाऊक असतं, पण आजार सांगितलाच नाही तर सवलत देणार कोण? रोज्यांबद्दल आधी सर्जनला विचारा. पहिल्या काही महिन्यांत तर नकोच.

पैशांचं. विमा नियामकाच्या नियमानुसार पॉलिसीत यासाठी सहसा वय १८ च्या वर आणि बीएमआय ४० असावा लागतो, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार असे गंभीर आजार. साधे उपाय करून पाहिल्याचे कागदही लागतात. म्हणजे डॉक्टर ‘चालेल’ म्हणतील तिथं विमा ‘नाही’ म्हणू शकतो. आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, साखरेचे रिपोर्ट आजपासून जपून ठेवा.

आता सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनंही भारतात मिळतात. काहींना त्यांनीच भागतं. पण बंद केली की वजन बहुधा परत येतं, म्हणून तो खर्चही अनेक वर्षांचा धरा. आणि जिममधल्या दोस्ताच्या सांगण्यावरून ती घेऊ नका.

सर्जनकडे जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या. विचारा: माझ्यासाठी हाच प्रकार का? तुम्ही अशा किती केल्यात? रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलेल? पाच वर्षांनी मला कोण तपासेल?

हे सगळं बाजीच्या परवानगीनं सांगितलं. तिचं वजन आता ६८ आहे, मधुमेहाची एक गोळी अजून चालू आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे. प्रश्न असतील तर मला नंतर विचारा, आधी तिला विचारा.