संकटकाळची पडशी



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाण्याची टंचाई येते, पूर येत नाही. वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, जिरायत पट्ट्यात चैत्र लागताच टँकरची वाट पाहणाऱ्या आणि आपल्या बागायतीचा निम्माअधिक डौल १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या भरवशावर मिरवणाऱ्या या मुलखात, घरातून एकाएकी बाहेर पडण्याचा प्रसंग आला तर बरोबर काय घ्यावे या विषयावर व्याख्यान देणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे.

त्यांनी २०१९ साल आठवावे. ज्या वर्षाचा उन्हाळा इथल्या कित्येक गावांनी टँकरच्या पाण्यावर काढला, त्याच वर्षी उत्तरा नक्षत्राच्या अखेरीस, सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री, पुरंदरच्या डोंगरपट्ट्यात असा पाऊस कोसळला की जेजुरीजवळचे नाझरे धरण तुडुंब होऊन खाली प्रचंड विसर्ग सोडावा लागला. आणि जिच्या पात्रातून एरवी वर्षातील बरेच महिने माणूस पायही न भिजवता पलीकडे जातो ती कऱ्हा दुसऱ्या दिवशी बारामतीच्या वस्तीला भिडली व काठच्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली. पुढे २०२५ च्या मे महिन्यात, रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच, मोसमी पाऊस पुरता पोहोचण्यापूर्वी, दोन्ही तालुक्यांत इतके पाणी पडले की पिंपळी-लिमटेकच्या परिसरात नीरा डावा कालवा फुटला, शेते आणि घरे पाण्याखाली गेली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या इकडे पाठवाव्या लागल्या.

या दोन घटनांत एक भेद आहे व तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नाझऱ्याहून सुटलेले पाणी मोरगावावरून बारामतीला यायला काही तास घेते. तेवढ्या अवधीत तहसील कचेरीतून इशारा निघतो, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी आळीआळीतून फिरते, आणि शहाणा माणूस दिवा असेतो बांधाबांध करू शकतो. कालव्याचा भराव खचतो तेव्हा मात्र अशी कोणतीही सवड मिळत नाही. तेव्हा आपली तयारी या दुसऱ्या प्रसंगाच्या मापाने असली पाहिजे, म्हणजे इशारा मिळालाच तर तो वरकड लाभ समजावा.

अशा तयारीसाठी पाठीवरची एक पिशवी सदैव भरून ठेवावी, ही कल्पना अलीकडे बरीच प्रसृत झाली आहे. मात्र तिच्याबरोबर ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक परदेशातील अरण्यांसाठी केलेल्या असतात. त्यांत कुऱ्हाड असते, होकायंत्र असते, सशाला फासे लावण्याची तार असते आणि मासे धरण्याचा गळ तर हटकून असतो. आता उजनीच्या फुगवट्यात भिगवणच्या बाजूला चिलापी विपुल सापडते, आणि तिच्या रश्श्याविषयी मला यत्किंचितही अनादर नाही. पण ज्या माणसाच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी चढले आहे, ज्याची आई संधिवाताने जखडलेली आहे आणि ज्याला अर्ध्या कोसावरच्या शाळेची पायरी गाठायची आहे, त्याला गळ घेऊन काय करायचे? आपल्याकडे माणूस घर सोडतो तो रानात दडून राहण्यासाठी नव्हे, तर दोन-तीन दिवस परक्या छपराखाली, शंभर अनोळखी माणसांबरोबर, आपली औषधे, आपली लाज आणि आपले हक्क सांभाळून काढण्यासाठी. पिशवी भरताना दृष्टीपुढे ठेवायचे ते हे ठिकाण.

शिवाय या विद्येसाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. श्रीतुकाराममहाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून निघून काटेवाडीला येते तेव्हा तेथे पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि घटका-दोन घटका अशी दोन माणसे एकमेकांशेजारी उभी राहतात की ज्यांना थोडक्या सामानानिशी दिवसेंदिवस कसे काढावेत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एक वारकरी; त्याच्या खांद्यावरच्या पडशीचा एक कप्पा छातीवर व दुसरा पाठीवर येतो, त्यामुळे भार दोहीकडे सारखा पडतो व हात मोकळे राहतात. दुसरा मेंढपाळ; पावसाळा सरला की या बाजूचे धनगर वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात, आणि सारा संसार, म्हणजे भांडीकुंडी, पीठमीठ, मेंढरे कोंडायची वाघर, कोंबड्या आणि प्रसंगी चालून थकलेले पोर, घोड्याच्या पाठीवर असा रचतात की उतरविताना जे आधी लागणार ते वर असते. दिवा आणि काडेपेटी तळाशी ठेवणारी धनगरीण अजून जन्माला यायची आहे. आपल्या विकतच्या पिशव्यांत नेमके हेच चुकते. विजेरी सर्वांत खाली, तिच्यावर कपडे, आणि बाहेर मिट्ट काळोख!

आता वजनाचा हिशेब पाहू, कारण सारे प्रश्न शेवटी तिथेच येऊन ठेपतात. माणसाने चालताना वाहायचे ओझे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा गिर्यारोहकांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या बाईने दहा किलो. तेही सुक्या वाटेवर. पाण्यातून, चिखलातून आणि कडेवर मूल घेऊन चालायचे तर त्याच्या निम्मेच धरावे हे उत्तम. पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरले तर तीन दिवसांचे नऊ लिटर झाले, आणि पाण्याचे वजन लिटरला किलो. म्हणजे तीन दिवसांचे पाणी पाठीवर घेतो म्हणणाऱ्याने दुसरे काहीही घ्यायला नको! म्हणून माणशी एक लिटरची भरलेली बाटली घ्यावी व बाकीच्यासाठी पाणी निर्जंतुक करण्याचे साधन घ्यावे, म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे द्रावण. त्याचे वजन तोळामासा. पुराचे पाणी आधी चौघडी धोतरातून गाळावे, तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि मगच त्यात औषध घालावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत; हा घोटाळा पुष्कळ घरांतून आहे म्हणून मुद्दाम सांगितले. हगवण लागलीच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे. आणि त्यासाठी चमचा पिशवीत असावा, कारण अंदाजाने टाकलेले जास्त मीठ लहान मुलाला अपाय करते.

खाण्याच्या बाबतीत आपली आजी कोणत्याही यादीच्या पुढे होती. चूल न पेटवता खाता येईल, शिळेपणाने विटणार नाही आणि मूठभर खाल्ले तरी आधार होईल असे जिन्नस म्हणजे गूळ-शेंगदाणे, फुटाणे, सातूचे पीठ आणि उन्हात वाळवून कडक केलेली बाजरीची भाकरी. सोबत शेंगदाण्याची चटणी असावी. मात्र तिखट बेताचे, कारण तिखटामागे पाणी लागते.

पांघरुणाचा प्रश्न नाजूक आहे. मेंढपाळाचे घोंगडे भिजले तरी थोडीफार ऊब राखते, ही त्याची कीर्ती रास्तच आहे. पण ते भिजले की त्याचे ओझे माणसाला वाकवते. म्हणून घरटी एकच घोंगडे, तेही वृद्धासाठी किंवा बाळंतिणीसाठी, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून घ्यावे. इतरांसाठी एकेक कोरडा कपडा, टोपी आणि एक हलकी ताडपत्री पुरे, कारण तीच ताडपत्री बसायला, पांघरायला आणि बायकांना आडोसा करायलाही उपयोगी पडते. बायकांच्या अडचणीच्या दिवसांची सोय बहुतेक पुरुषांनी केलेल्या याद्यांत नसते, आणि निवारा शिबिरात पहिल्या रात्री तिचीच कुजबुज सुरू होते.

आता दप्तराकडे वळू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या तेव्हापासून आपण पाहत आलो आहोत की पाणी दोन दिवसांत ओसरते, पण त्यानंतरचे पंचनामे, अर्ज, दाखले आणि नुकसानभरपाईचे हेलपाटे महिनोन्‌महिने चालतात. ज्याच्या हाती कागद त्याचे काम आधी होते, ज्याचे कागद वाहून गेले त्याने आपण आपणच आहोत हे आधी शाबीत करायचे. तेव्हा शिधापत्रिका, आधार कार्ड, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचे पासबुक, पीकविम्याची पावती आणि मुलांच्या शाळेचे दाखले यांच्या छायाप्रती एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून व दुमडून रबराने बांधून, पडशीच्या छातीकडच्या कप्प्यात ठेवाव्यात. अस्सल दस्तऐवज शक्यतो उंचावरच्या नातेवाइकाकडे किंवा बँकेच्या तिजोरीत असावेत. जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून तीही तिथेच ठेवावी. दुभती गाय वाहून गेली आणि तिचा पुरावा नाही, या दुःखावर कोणत्याही कचेरीत इलाज नाही. बरोबर थोडी रोख रक्कम असावी, तीही दहा-वीसच्या नोटांत. पूरग्रस्त गावात पाचशेची मोड कोण देणार?

त्याच कागदांत दूरध्वनीचे क्रमांक शाईने नव्हे, शिसपेन्सिलीने लिहून ठेवावेत, कारण शिसे ओलीत पसरत नाही: कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, आणि दोन नातेवाइकांचे. मोबाइल मेला की आपल्या सख्ख्या भावाचा क्रमांकही आपल्याला आठवत नाही, अशी हल्ली सर्वांची अवस्था झाली आहे. एक शिटीही दोरीत ओवून मुलाच्या गळ्यात घालावी. तीन वेळा फुंकून थांबणे हा संकटाचा संकेत आहे. ओरडून आवाज बसतो, शिटीचा बसत नाही.

औषधांत सर्वांत आधी येते ते घरातील आजाऱ्याचे नेहमीचे औषध, निदान आठवड्याचे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आणि त्याच्या जोडीला जुना का होईना पण जादा चष्मा. इन्सुलिनची कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवली तर काही दिवस निभावते. पुरात बिळे बुडाली की नाग, घोणस, मण्यार माणसांच्याच उंचवट्यावर आश्रयाला येतात. तरीही विलायती संचातील सर्पदंशाचे पाते आणि चोखण्याची नळी मी पडशीत घेऊ देणार नाही. दंशाची जागा चिरू नये, करकचून आवळू नये, अवयव हलू न देता सरकारी रुग्णालय गाठावे. विषावरची लस तिथेच मिळते. पायात मात्र मांडवासारखी मोकळी चप्पल नको, पाय झाकणारा बूट हवा.

अशी पडशी एकदा भरून माळ्यावर टाकली की निश्चिंत झालो असे मानणारे लोक पुढे तिच्यातून खवट शेंगदाणे आणि फुगलेले मसाले काढतात, विजेरीतले मसाले! ते मसाले विजेरीबाहेर वेगळे ठेवावेत, आणि वर्षातून दोनदा, एकदा रोहिणी निघण्यापूर्वी आणि एकदा उत्तरा लागण्यापूर्वी, सारे बाहेर काढून खाण्याचे जिन्नस घरात वापरून टाकावेत व नवे भरावेत. मुलांची वाढ ध्यानात घेऊन कपडेही तेव्हाच बदलावेत. पडशीची जागा माळा नव्हे, दाराजवळची खुंटी.

राहता राहिली गोठ्याची गोष्ट, आणि ती पिशवीत मावत नाही. पुरात माणसे दगावतात त्यांतील काही एकदा सुखरूप बाहेर पडून पुन्हा मागे फिरलेली असतात, आणि मागे फिरण्याचे कारण पुष्कळदा दाव्याला बांधलेले जनावर असते. गाय-म्हैस मोकळी असेल तर पोहून निघते. बांधलेली असेल तर जागच्या जागी बुडते. म्हणून घर सोडताना दावी कोणी सोडायची याचे नाव पावसाळ्यापूर्वी घरात ठरलेले असावे, त्याच्या कमरेला विळा असावा, आणि पडशी त्याच्या खांद्यावर नसावी. ती दुसऱ्याने घेऊन म्हाताऱ्यांना व मुलांना पुढे काढावे, आणि दावी कापणाऱ्याने जनावरे हाकत न बसता त्यांच्या मागोमाग थेट ठरलेल्या शाळेवर यावे.